तळमजल्यावर काय यावं?

रविवार, सकाळचे दहा. कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत सोसायटीच्या पार्किंगमधून दोन गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्यात. टेबलावर कॅरमबोर्ड आणि त्यावर नकाशाची झेरॉक्स. वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर कुणाचा तरी चष्म्याचा डबा ठेवलाय. शेजारचा बंगला पडणार आहे. त्याच्या जागी सात मजले उभे राहणार आणि तळमजल्यावर दुकानांचे गाळे निघणार. एवढ्यावरून गल्लीत दोन तट पडलेत.

"गाळे नकोतच," पहिल्या रांगेतले काका ठणकावतात. "ही रहिवासी वस्ती आहे, लक्ष्मी रोड नव्हे!"

टाळ्या पडतात. त्यांची धास्ती पोकळ नाही. पलीकडच्या गल्लीत एका तळमजल्यावर दहा मिनिटांत सामान घरपोच करणाऱ्या कंपनीचं गोदाम आहे. बाहेर ना पाटी, ना गिऱ्हाईक. डिलिव्हरीची मुलं मात्र फुटपाथवरच गाड्या लावून पुढच्या ऑर्डरची वाट बघत रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. मघाशी तिथूनच आले, तेव्हा माल उतरवणारा टेम्पो रस्त्यात आडवा होता आणि मागे रिक्षा खोळंबली होती. त्या मुलांना मी दोष देणार नाही. त्यांना टेकायला दुसरी जागा कुणी ठेवलेलीच नाही.

तिसऱ्या रांगेतल्या आजी हात वर करतात.

"मला हवेत गाळे. औषध आणायचं तर पौड रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नल सुटायच्या आत मी पलीकडे पोचत नाही. खाली औषधाचं दुकान आलं, तर दर वेळी कुणाला तरी विनवायला नको."

"पण औषधाचंच दुकान येईल कशावरून?" काका आता नरमाईने विचारतात. "बार आला तर?"

उत्तर कुणापाशीच नाही. नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ खुर्ची पुढे ओढतात, खिशातली पेन्सिल काढतात. नियम मुख्यतः रस्त्याची रुंदी बघतो, ते सांगतात. रस्ता रुंद तसे परवानगी असलेले वापर वाढत जातात. वनाज ते गरवारे मेट्रो मार्च 2022 मध्ये धावू लागली. स्थानकांपासून 500 मीटरच्या पट्ट्यात जादा एफएसआयची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची सोय आहे, त्यामुळे बंगले टिकणं कठीणच. मग पेन्सिल गाळ्यांसमोर मोकळ्या ठेवलेल्या सामासिक अंतरावर थांबते.

"मला एवढंच दाखवा, इथे टेम्पो कुठे उभा राहणार?"

सगळे नकाशावर वाकतात. रहिवाशांच्या गाड्यांचे चौकोन आहेत, तळघरात उतरणारा रॅम्प आहे. माल उतरवायला जागा नाही. गिऱ्हाइकाने स्कूटर लावावी अशीही नाही. ते सगळं रस्त्यावर येणार, म्हणजे आमच्या गल्लीत.

"मग हरकत कुठे द्यायची?" फाइल घेऊन आलेली एक मुलगी विचारते.

एका इमारतीच्या परवान्यासाठी शेजाऱ्यांच्या हरकती मागवत नाहीत, ते सांगतात. 1966 च्या नगररचना कायद्यात ती संधी आराखडा ठरताना असते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा 87 हजारांच्या आसपास हरकती गेल्या होत्या. 2015 मध्ये राज्य सरकारने तो आपल्या हाती घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. "तेव्हा इथून कुणी हरकत दिली होती?" दोन हात वर होतात. दोघांचीही हरकत मैदानाच्या आरक्षणाबद्दल होती. दुकानांबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं.

गाळे हवेत की नकोत, या भांडणात आमचा तासभर जातो आणि मला तो वाया गेलेला वाटतो. मुलं परदेशात आणि घरात दोघंच म्हातारे, अशी घरं कोथरूडमध्ये गल्लोगल्ली आहेत. त्यांना चालत गाठता येईल असं किराण्याचं, औषधाचं दुकान ही गरज आहे. गोदाम ही त्यांची गरज नाही. दोन्हींना एकच 'गाळा' म्हणून आपण सरसकट विरोध करतो, तेव्हा आजींना पुन्हा पौड रस्ता ओलांडायला पाठवतो.

अकरा वाजून गेल्यावर पत्राचा मजकूर ठरतो. टेम्पो आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी आवारातच जागा सोडा. गाळे गोदामासाठी देणार नाही, असं लिहून द्या. पत्र बिल्डरला जाईल, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. काका सही करतात. आजी आधी 'औषधाच्या दुकानाला प्राधान्य द्यावे' हे वाक्य घालायला लावतात, मग पेन हातात घेतात.

बिल्डरने हे ऐकावं, असं कोणतंही बंधन त्याच्यावर नाही. मंजूर आराखडा 2027 पर्यंतचा आहे. पुढचा प्रारूप प्रसिद्ध झाला की आपल्या गल्लीची रुंदी त्यात किती दाखवली आहे ते बघा, आणि हरकत मुदतीत देऊन तिच्या प्रतीवर पोच घ्या.