उपकरणाची ओळख: लिनक्स आणि यूएसबी

यूएसबीच्या 2.0 आवृत्तीपर्यंतच्या रचनेत संवादाची सुरुवात नेहमी संगणकाकडूनच होते. उपकरणाला आपण होऊन बोलण्याची मुभा नसते. तरीही पेनड्राइव्ह खोचताच लिनक्सला त्याची चाहूल लागते, कारण उपकरणातील दीड किलोओहमचा रोधक डेटाच्या दोन तारांपैकी एकीचा विद्युतदाब वाढवतो आणि तो बदल हबला, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या घटकाला, जाणवतो. हब ही वार्ता कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळवतो. परंतु खोचताना धातूचे संपर्क काही काळ जुळत-तुटत असल्यामुळे जोडणी सलग 100 मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच कर्नल तो पोर्ट रीसेट करतो.

रीसेट झालेले उपकरण शून्य या तात्पुरत्या पत्त्यावर उत्तर देते. कर्नल त्याला 1 ते 127 यांपैकी एक पत्ता देतो आणि त्याचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उपकरणाने स्वतःविषयी साठवलेला 18 बाइटांचा परिचय, वाचतो. त्यात उत्पादकाचा व उत्पादनाचा क्रमांक असतो. त्यानंतर इंटरफेसांची, म्हणजे उपकरण करू शकत असलेल्या स्वतंत्र कामांची, माहिती वाचली जाते. लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारी आज्ञावली, बहुधा संपूर्ण उपकरणाशी नव्हे, तर एकेका इंटरफेसशी जोडला जातो, आणि म्हणूनच एकाच हेडसेटचा आवाज एक ड्रायव्हर सांभाळतो, तर त्यावरील बटणे दुसरा. अनेक उपकरणे मानकापासून ढळतात. अशा उपकरणांचे दोष ओळखून त्यांना सांभाळून घेणाऱ्या याद्या कर्नलमध्ये आहेत. बाहेरच्यांच्या नजरेस क्वचितच पडणारे हे चिकाटीचे काम या व्यवस्थेतील सर्वांत आदरणीय भाग मानावे लागेल.

यापुढची विभागणी मोठी विचारपूर्वक केलेली आहे. उपकरण आल्याची घोषणा कर्नल करतो. ती ऐकून कर्नलबाहेर चालणारा यूडेव्ह हा प्रोग्राम आवश्यक ड्रायव्हर स्मृतीत नसल्यास तो आणवतो आणि नियमांच्या फायली वाचून कोणाला उपकरण वापरू द्यायचे हे ठरवतो. पूर्वी डेव्हएफएस या व्यवस्थेत नावे देण्याचे धोरण कर्नलच्या आतच होते. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 2003 मध्ये पुढे आणलेल्या यूडेव्हमुळे ते बाहेर आले. आज उपकरणाची मूळ नोंद पुन्हा कर्नलच करतो, मात्र एसडीबी, एसडीसी यांसारखी डिस्कची नावे उपकरणे सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असल्याने ती बदलू शकतात, म्हणून यूडेव्ह अनुक्रमांक किंवा फाइलप्रणालीची ओळखखूण यांवर आधारलेले स्थिर दुवेही तयार करतो. वस्तुस्थिती कर्नलने सांगावी आणि धोरण वापरकर्त्याच्या हाती राहावे, हे तत्त्व येथे उत्तम रीतीने साधले आहे.

उपकरण उपटले की हब ते कळवतो, कर्नल अपूर्ण विनंत्या रद्द करतो, ड्रायव्हरला सोडवतो आणि पत्ता मोकळा करतो. पेनड्राइव्हवर लिहिलेला मजकूर मात्र बऱ्याचदा आधी संगणकाच्या स्मृतीतच साठतो आणि प्रत्यक्ष उपकरणावर सवडीने उतरतो, त्यामुळे प्रत पूर्ण झालेली दिसली तरी अनमाउंटची, म्हणजे पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी तो वेगळा करण्याची, आज्ञा संपेपर्यंत काही भाग उतरायचा राहिलेला असू शकतो.