गिअरबॉक्स उतरवणारी आपली मुले

दहावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. चिखली, निगडी, भोसरी, चाकण या भागातल्या बऱ्याच घरांचा प्रश्न एकच असतो : "पोरगा पुढे शिकायला तयार नाही. मामूच्या गॅरेजवर घालू का?" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी आजकाल गॅरेजवर नेमके काय काम चालते ते पाहावे, म्हणून आम्ही सुट्टीचे दोन दिवस निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात घालवले. शाळेत शिकवून गेलेली दोन-तीन मुले तिथेच कामाला आहेत.

१९६६ साली टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना पिंपरीत आला. पुढे चाकणला एकामागून एक वाहन कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागोमाग ट्रक आले, ट्रकच्या मागोमाग मिस्त्री. इथे खेडच्या शेतकऱ्याचा मुलगा असो की बिहारचा, मोठ्या मिस्त्रीला सगळे 'उस्ताद'च म्हणतात. उर्दूच्या तासाला आम्ही हा शब्द शिकवतो, पण त्याचा खरा दरारा कळतो तो गॅरेजमध्ये.

जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स उस्तादांच्या हातातला खेळ होता. आवाजावरून कोणता गिअर झिजला ते सांगत. आता क्लचचा पायडलच नसलेल्या गाड्या येऊ लागल्या आहेत. त्यांचे दोन प्रकार. एकात आतला गिअरबॉक्स जुन्याच घडणीचा, पण क्लच दाबणे आणि गिअर बदलणे हे काम हवेच्या दाबावर व संगणकाच्या हुकमाने होते. दुसरा पूर्ण ऑटोमॅटिक. त्यात क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाच्या जोरावर इंजिनाची ताकद पुढे पोचवणारा गोल डबा. अग्निशमनाच्या गाड्या, खाणीतले डंपर, काही टिपर यांत हा आढळतो.

आम्ही गेलो तेव्हा असाच एक टिपर उभा होता. उतरवायला घेण्याआधी उस्तादांनी संगणक जोडून बिघाडाचे नंबर वाचून घेतले. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सचा नसतोच. बॅटरी कमजोर असते, एखादी वायर घासलेली असते किंवा तेल कमी असते. ते न पाहता बॉक्स खाली उतरवणे म्हणजे ताप मोजण्याआधीच पोट कापणे!

इथे मात्र तेलातच धातूचा चुरा निघाला. मग गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढे-मागे ठोकळे, बॅटरीची तार काढलेली. तेल थोडे निवल्यावर सोडले, कारण गरम तेल हात भाजते. प्रोपेलर शाफ्ट उतरला, हौद्याचा पंप सुटला, तेल थंड करणाऱ्या नळ्या सुटल्या. प्रत्येक नळीच्या तोंडाला लगेच झाकण. धूळ आत गेली तर नवा बॉक्सही जायचा. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटला आमच्या जुन्या विद्यार्थ्याने चिठ्ठी बांधली, स्वच्छ अक्षरात. शाळेत त्याच्या अक्षरावरून आम्ही किती बोललो असू!

मग खरे जोखमीचे काम. इंजिनाच्या मागच्या बाजूला आधार, गिअरबॉक्सखाली त्याचा खास जॅक, वर साखळी. बॉक्सचे वजन काही शे किलो. कन्व्हर्टर पट्टी लावून बांधतात, नाहीतर बॉक्स मागे सरकताना तो सुटून पायावर येतो. इतके सगळे केल्यावर मग बोल्ट. मुलगा खाली असताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवलेली आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी पाहिली. पालकांनी मुलाला कामावर घालण्याआधी एवढे तरी जाऊन पाहावे : गाडीखाली घोड्या लावतात का, पायात जाड बूट आहेत का. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि १८ पूर्ण होईपर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. 'पोरगा मोठा दिसतो' याला कायद्यात जागा नाही.

नवा बॉक्स बसवताना उस्ताद एका गोष्टीवर अडून बसले. कन्व्हर्टर आतल्या पंपाच्या खाचेत पूर्ण बसला की नाही, हे पट्टीने मोजून पाहायचे. बॉक्स इंजिनाला हाताने, सहज टेकला पाहिजे. मध्ये फट राहिली तर बोल्ट आवळून ती खेचायची नाही. खेचली तर पंप फुटतो आणि नवाकोरा बॉक्स पहिल्याच स्टार्टला बाद होतो. इथे फट राहिली. रात्रीचे आठ वाजले होते आणि मालकाचा तिसरा फोन येऊन गेला होता. उस्तादांनी बॉक्स परत मागे घ्यायला लावला, कन्व्हर्टर फिरवून फिरवून बसवला. तेल थंड करणारा कूलरही बदलायला लावला, कारण जुन्याचा चुरा त्यात अडकून राहतो. मालक खर्चावरून कुरकुरला. आमच्या मते उस्तादांचेच बरोबर होते.

शेवटी तेल भरून, इंजिन चालू ठेवून, ते गरम झाल्यावर पुन्हा पातळी तपासली आणि संगणकावर नव्या बॉक्सची जुळवणी केली. त्या पडद्यावरचे इंग्रजी उस्तादांना वाचता येत नाही. ते शागिर्दाने वाचले, उस्तादांनी अर्थ सांगितला. एकट्या दोघांपैकी कुणालाच ते काम जमले नसते.

म्हणून आमचे पालकांना उत्तर असे, की गॅरेज जरूर, पण आयटीआय करून. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा, दोन्हींना दहावी पास लागते. औंधला सरकारी आयटीआय आहे, मोरवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचे. अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरतात. दाखला आणि गुणपत्रिका घेऊन शाळेत या, भरायला आम्ही मदत करू. मुलीसाठी विचारणाऱ्या एक अम्मीही यंदा आल्या होत्या. त्यांचाही अर्ज भरला आहे.