किताब, नातं आणि टोपणनाव

अमेरिकन फुटबॉल भारतात रुजवण्यासाठी 2011 मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' जाहीर झाली आणि तिच्या 2012 च्या पहिल्या हंगामात 'पुणे मराठाज' या संघाने 'दिल्ली डिफेंडर्स'ला 6-0 असे हरवून विजेतेपद मिळवले. मात्र हा विजय महाराष्ट्रातील क्रीडारसिकांच्या स्मरणात फारसा उरलेला नाही. या लीगला पैसा पुरवणाऱ्यांत कर्ट वॉर्नर आणि रॉन जॉवर्स्की हे दोन जुने क्वार्टरबॅक होते. मधल्या गड्याने मागे दिलेला चेंडू ताब्यात घेऊन तो पुढे फेकायचा, सोबत्याच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन धावायचे, हे क्षणार्धात ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळलेली असल्याने टोपणनावांचा वर्षावही त्याच्यावरच अधिक होतो. पोलिश वंशाचा आणि जोरकस फेकीचा जॉवर्स्की 'पोलिश रायफल' झाला, अटीतटीच्या वेळी न डगमगणारा जो मोंटाना 'जो कूल' झाला, तर न्यूयॉर्कच्या झगमगाटात रमणाऱ्या जो नॅमथला तेथील नाट्यगृहांच्या रस्त्यावरून 'ब्रॉडवे जो' हे नाव मिळाले.

संघांच्या नावांत मात्र गावाचा धंदा आणि इतिहास डोकावतो. 'ग्रीन बे पॅकर्स' हे नाव 1919 मध्ये संघाच्या गणवेशाचा खर्च उचलणाऱ्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीमुळे पडले, पिट्सबर्गच्या 'स्टीलर्स'मागे तेथील पोलाद कारखाने आहेत आणि सॅन फ्रान्सिस्कोचे 'फोर्टीनाइनर्स' 1849 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्यांची आठवण जपतात.

महाराष्ट्राची जुनी रीत याहून वेगळी आहे. कुस्तीत नावापुढे लागणारा मान जिंकून घ्यावा लागतो: श्रीपती खंचनाळे 1959 मध्ये 'हिंदकेसरी' झाले, तर 1961 मध्ये दिनकर दह्यारी पहिले 'महाराष्ट्र केसरी' ठरले, आणि असा किताब पैलवानाला आयुष्यभर चिकटतो. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 1952 साली कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव 'पॉकेट डायनामो' म्हणून ओळखले गेले खरे. पण कराडकडच्या तालमीत त्यांना 'खाशाबा' एवढेच पुरत असावे.

दुसरी रीत नात्याची. फुलंब्री मतदारसंघातून निवडून येऊन 2014 मध्ये विधानसभेचे अध्यक्ष आणि 2024 मध्ये राजस्थानचे राज्यपाल झालेले हरिभाऊ बागडे आपल्या भागात 'नाना' म्हणूनच ओळखले जातात, आणि ही सवय मैदानावरही दिसते. इंग्लंडविरुद्ध 1964 च्या मद्रास कसोटीत सलग 21 षटके निर्धाव टाकणारे रमेशचंद्र नाडकर्णी क्रिकेटजगतात 'बापू' राहिले. या नावात त्यांच्या गोलंदाजीविषयी एक अक्षरही नाही, तरी ते 'पोलिश रायफल'पेक्षा अधिक टिकाऊ वाटते, कारण ते वृत्तपत्राने दिलेले नाही. दिलीप वेंगसरकरांचे 'कर्नल' हे नाव मात्र बाहेरून आले. त्यांच्या फलंदाजीत कर्नल सी. के. नायडूंची झाक दिसते म्हणून.

कबड्डीत या सगळ्या रीती एकत्र आल्या. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये 'तेलुगू टायटन्स', 'पटना पायरेट्स' अशी अमेरिकन वळणाची अनुप्रासी नावे आली, त्याच वेळी मुंबईच्या संघाने 'यू मुंबा' आणि पुण्याच्या संघाने 'पुणेरी पलटण' ही नावे घेतली. पलटण म्हणजे सैनिकांची तुकडी. म्हणजे अनुप्रासही साधला आणि मराठी तोंडाला शब्दही ओळखीचा राहिला. यू मुंबाने 2015 मध्ये, तर पलटणने मार्च 2024 मध्ये विजेतेपद मिळवले. चढाईपटूचे, म्हणजे एकट्याने प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शिरून गडी बाद करणाऱ्याचे, काम काहीसे क्वार्टरबॅकसारखेच एकट्याच्या निर्णयाचे असते. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील दणकट चढाईपटू सिद्धार्थ देसाई चित्रपटातून उचललेल्या 'बाहुबली' या नावाने गाजला, हे त्या खेळाच्या स्वभावाला धरूनच झाले.