वारशाचे घर, नव्याची सोबत

फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेल्या घराला ‘मेझों द फामिय’, म्हणजे कुटुंबाचे घर, असे म्हणतात. शहरोशहरी विखुरलेली भावंडे उन्हाळ्याच्या सुटीत किंवा नाताळात तेथे एकत्र येतात. पणजीचे कोरीव कपाट, सोनेरी चौकटीचा आरसा आणि त्यांच्या शेजारी पारदर्शक प्लास्टिकची खुर्ची किंवा पोलादी नळ्यांचे आसन, असे दृश्य या घरांत अनेकदा दिसते. सजावटीच्या मासिकांमुळे ही केवळ हौस वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तिचा संबंध घर टिकण्या-न टिकण्याशी आहे.

वाटणीचे गणित

नेपोलियनच्या काळात, १८०४ साली आलेल्या नागरी संहितेने मुलांचा वारसाहक्क राखून ठेवला. एक अपत्य असेल तर मालमत्तेचा अर्धा भाग, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन वा अधिक असतील तर तीन चतुर्थांश भाग मुलांसाठी राखीव असतो. मृत्युपत्र करूनही आई-वडिलांना तो सहसा डावलता येत नाही. वाटणी होईपर्यंत घर सर्वांच्या सामाईक मालकीचे असते. मात्र अशा मालकीत कायम राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. एका वारसाने वाटणी मागितली आणि त्याचा हिस्सा विकत घेणे इतरांना झेपले नाही, तर घर विक्रीला निघू शकते.

साहजिकच, नव्या पिढीला जेथे राहावेसे वाटत नाही, ते घर आधी हातचे जाते. सामानाचीही वाटणी होते. खुर्च्यांचा संच तुटतो, मेज एकाकडे आणि आरसा दुसऱ्याकडे जातो. मागे उरलेल्या रिकाम्या जागा आजच्या वस्तूंनी भरल्या जातात.

दोन घरे, दोन वाटा

वारसा जपण्याची एक रीत म्हणजे काहीही न हलवणे. पॅरिसमधील बँकर मोईझ द कामोंदो यांनी १९११ ते १९१४ या काळात माँसो उद्यानालगत घर बांधून ते अठराव्या शतकातील फ्रेंच फर्निचरने सजवले. त्यांचा मुलगा निसिम पहिल्या महायुद्धात, १९१७ साली मारला गेला. १९३५ मध्ये मोईझ यांचे निधन झाले. घरातील मांडणी आहे तशीच राहावी, या इच्छेसह त्यांनी वास्तू संग्रहालयासाठी दिली होती. १९३६ मध्ये संग्रहालय सुरू झाले. पुढे त्यांची मुलगी, जावई आणि दोन्ही नातवंडे नाझींच्या छळछावणीत मृत्युमुखी पडली. तेथे प्रत्येक वस्तू जागेवर आहे. राहणारे मात्र कोणी उरले नाही. विशेष म्हणजे, जुन्याच्या या निस्सीम चाहत्यानेही स्वयंपाकघर, न्हाणीघर, लिफ्ट आणि घर उबदार ठेवण्याची यंत्रणा या गोष्टी मात्र त्या काळातील अत्याधुनिकच बसवल्या होत्या.

दुसरी वाट मारी-लोर द नोआय यांच्या घराची. पॅरिसच्या ‘प्लास देझेता-झुनी’ चौकातील हा प्रासाद त्यांच्या आजोबांनी बांधवला होता. १९२० च्या दशकात मारी-लोर आणि त्यांचे पती शार्ल यांनी तेथील दिवाणखाना सजावटकार जाँ-मिशेल फ्रँक यांच्याकडे सोपवला. फ्रँक यांनी भिंतींना चर्मपत्राचे चौकोन लावले आणि मोजकेच, साध्या रेषांचे फर्निचर ठेवले. नृत्यदालनाचा जुना थाट मात्र तसाच राहिला. एकाच छताखाली गोयाच्या चित्रांबरोबर विसाव्या शतकातील नव्या चित्रकारांच्या कृती नांदू लागल्या. याच वास्तूत २००३ मध्ये फिलिप स्टार्क यांनी ‘बाकारा’ या स्फटिक-काचेच्या कंपनीसाठी पुन्हा नवी सजावट केली.

मेळ कसा बसतो?

पहिले सूत्र असे, की घराच्या अंगाला हात लावायचा नाही. संगमरवरी शेकोटी, छताची नक्षी, लाकडी फरशी हे घराचे अवयव आहेत. नवे ते सुटे आणि हलवता येण्याजोगे असावे. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांच्यासाठी पिएर पोलँ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी एलिझे प्रासादातील खासगी दालने सजवली. त्यांनी जुन्या भिंतींना धक्का न लावता आतल्या आत स्वतंत्र सांगाडा उभारून त्यावर कापड ताणले. पुढे त्यातील बरेचसे काम काढण्यात आले, तेव्हा मूळ भिंती शाबूत होत्या. ऐतिहासिक स्मारक म्हणून संरक्षित वास्तूत तर परवानगीविना बदल करताच येत नाहीत.

दुसरे सूत्र रेषांच्या नात्याचे. पंधराव्या लुईच्या काळातील फर्निचर वळणदार, तर सोळाव्या लुईच्या काळातील सरळ पायांचे आणि अनेकदा लंबगोल पाठीचे. स्टार्क यांनी २००२ मध्ये हीच लंबगोल पाठ घेऊन पारदर्शक पॉलिकार्बोनेटची ‘लुई घोस्ट’ खुर्ची घडवली. जुन्या मेजाशी ती विसंगत वाटत नाही, कारण आकार ओळखीचा आहे. बदलला आहे तो पदार्थ.

तिसरे सूत्र मोकळ्या जागेचे. दालनभर जुन्या वस्तूंची दाटी झाली, की ते गोदाम वाटू लागते. साध्या भिंतीपुढे एकच जुने कपाट ठेवले, तर नजर त्याच्या कोरीव कामावर ठरते. नॉर्मंडीत लग्नात वधूला दिली जाणारी ओकची कपाटे लाकडी खुंट्यांवर जोडलेली असत. खुंट्या काढल्या, की कपाटाचे भाग सुटे होत आणि ते वधूबरोबर सासरी जाई. आज तेच कपाट लहानशा सदनिकेच्या जिन्यातूनही वर नेता येते.

चौथे सूत्र हवेचे. खोली उबदार ठेवणाऱ्या आधुनिक यंत्रणेमुळे हवा कोरडी पडते, लाकूड आकसते आणि वरचा पातळ नक्षीदार थर सुटू लागतो. त्यामुळे जुने फर्निचर रेडिएटरपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावे लागते. वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली झळाळी घासून काढल्यास वस्तूचे मोलही घटते. टीव्हीच्या तारांसाठी कपाटाला पाडलेले भोक तर कधीच बुजत नाही.

नवे फार काळ नवे राहत नाही, हेही खरे. पिएर जानेरे यांनी चंडीगडच्या सरकारी कार्यालयांसाठी १९५० च्या दशकात आखलेल्या सागवानी खुर्च्या आज युरोपातील लिलावांत दुर्मीळ वस्तू म्हणून मोठ्या किमतीला विकल्या जातात. आजच्या वारसांनी आणलेली साधी खुर्ची उद्याच्या वाटणीत आजीची खुर्ची ठरेल. ती ठेवायला घर शिल्लक असावे, यासाठी जुन्याने थोडे सरकून नव्याला जागा देणे भाग आहे.