मत्स्यपेटीतील जलवनस्पती

काचेच्या मत्स्यपेटीसमोर उभ्या राहणाऱ्याचे लक्ष प्रथम माशांकडे जाते. पाण्याखाली डोलणाऱ्या वनस्पतींकडे बहुधा शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात त्या छोट्याशा जलसृष्टीचे आरोग्य बऱ्याच अंशी या वनस्पतींवर अवलंबून असते. बेंगळुरूच्या कब्बन उद्यानात १९८३ मध्ये शासकीय मत्स्यालय सुरू झाले. त्या शहरातील अनेक घरांतही हौसेने ठेवलेल्या मत्स्यपेट्या दिसतात. अशा पेटीत जिवंत वनस्पती कोणत्या लावाव्यात व त्यांची निगा कशी राखावी, हे येथे पाहू.

वनस्पतींचे कार्य

१७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. पाण्यात बुडवलेली हिरवी पाने प्रकाशात वायूचे बुडबुडे सोडतात. अंधारात ते थांबतात. हा वायू म्हणजे प्राणवायू. शाळेतील प्रयोगशाळेत हायड्रिलाच्या फांदीवर हाच प्रयोग आजही करून दाखवतात.

वनस्पतींचे दुसरे कार्य तितकेच मोलाचे आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासमान असतो. पेटीतील उपयुक्त जीवाणू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये करतात. वनस्पती अमोनिया व नायट्रेट ही दोन्ही द्रव्ये अन्न म्हणून शोषून घेतात. जे माशांना अपायकारक, तेच वनस्पतींना खत ठरते.

मात्र रात्री वनस्पतीही माशांप्रमाणेच प्राणवायू वापरतात. त्यामुळे दाट लागवड असलेल्या पेटीत रात्रभर वीज गेली आणि हवेचा पंप बंद राहिला, तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. अशा वेळी पेल्याने पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहावे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळते.

निवड कशी करावी

नवशिक्याने लवकर रुजणाऱ्या व कमी प्रकाशात तग धरणाऱ्या जाती निवडाव्यात. हायड्रिला आणि फितीसारख्या लांब पानांची वॅलिस्नेरिया या दोन्ही भारतातील तळ्यांत आढळणाऱ्या वनस्पती आहेत. पश्चिम घाटातील नद्यांत क्रिप्टोकोरिन या गटातील जाती वाढतात. आग्नेय आशियातील जावा फर्न व पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास या वनस्पती सावकाश वाढतात. परंतु त्या चिवट असतात. गोल्डफिश कोवळी पाने खातात, म्हणून त्यांच्या सोबतीला जाड पानांच्या जाती ठेवाव्यात.

खरेदी करताना सावध राहावे. ड्रासिना, ‘लकी बांबू’ यांसारखी जमिनीवरची रोपेही काही वेळा पाणवनस्पती म्हणून विकली जातात. पूर्ण बुडवून ठेवल्यास ती हळूहळू कुजतात व पाणी नासवतात. आणलेली रोपे वाहत्या पाण्यात धुऊन, गोगलगायींची अंडी व सडकी पाने काढून, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवावीत.

लागवड व निगा

पेटीची जागा प्रथम ठरवावी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ५४ किलो होते. म्हणून आधार भक्कम हवा. थेट ऊन पडेल अशी खिडकी टाळावी, कारण उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते.

तळाशी धुतलेल्या बारीक वाळूचा ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. वॅलिस्नेरियाची मुळे वाळूत पुरावीत. पाने जेथून फुटतात तो भाग मात्र वर ठेवावा. जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे खोड पुरल्यास ते कुजते. ते दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे.

बेंगळुरूत काही घरी सुमारे १०० किलोमीटरवरून आणलेले कावेरीचे पाणी येते, तर काही घरी कूपनलिकेचे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन निघून जावा म्हणून ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवावे. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. ते वॅलिस्नेरियाला मानवते, काही नाजूक जातींना मानवत नाही. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. दिवा रोज ठरावीक वेळी सहा ते आठ तास लावावा.

वनस्पतीचे दुखणे पानांवरून ओळखता येते. जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची उणीव असू शकते. नवी पाने फिकट व शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता संभवते. क्रिप्टोकोरिनची पाने नव्या पेटीत एकाएकी गळून पडतात. पण मुळे शाबूत असल्यास पुन्हा फुटतात. म्हणून ते रोप घाईने उपटून टाकू नये.

पेटीबाहेरची जबाबदारी

साताऱ्याजवळच्या पठारांवर वायतुरा ही दुर्मीळ जलवनस्पती पावसाळ्यात फुलते. ती सह्याद्रीबाहेर आढळत नाही. अशी रोपे हौसेखातर उपटून आणणे म्हणजे त्या जातीचाच घात करणे होय.

याच्या उलट धोकाही आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या सुंदर फुलांमुळे देशोदेशी नेली गेली आणि पुढे तिने भारतातील असंख्य जलाशय व्यापले. बेंगळुरूचा बेळ्ळंदूर तलाव सांडपाणी आणि जलपर्णी यांनी गुदमरल्याचे शहराने पाहिले आहे. पेटीतील छाटलेली एखादी फांदी तलावात पडली, तरी तिच्यापासून नवी वाढ सुरू होऊ शकते. म्हणून छाटलेल्या फांद्या तलावात वा गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मग कुंडीतील झाडांना खत म्हणून घालाव्यात.