हरकत माझी, पण नंबर कशाला?

"वहिनी, तुमचं घर कोपऱ्यावरचं, निळ्या गेटचं ना? मिस्टर पुण्याला असतात म्हणे. रात्री एकट्याच असता का?"

रात्री साडेनऊला हा फोन आला तो आमच्या गल्लीतल्या वहिनींना. आवाज गोड, बोलणं अदबीचं. धमकी म्हणावी असं त्यात एकही वाक्य नव्हतं. पण त्या रात्री वहिनींनी कडी लावून वर दाराला खुर्ची टेकवली आणि सकाळी सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, माझी ती सही काढून घेता येईल का हो?"

कसली सही, ते सांगते. आमच्या वसाहतीमागे एक मोकळी जागा आहे. शहराच्या विकास आराखड्यात तिच्यावर मैदानाचं आरक्षण आहे. सकाळी म्हातारी माणसं तिथे फिरतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, आणि उन्हाळ्यात आम्ही बायका कुरडया वाळत घालतो. (हे आराखड्यात नाही, पण चालतं.) एके दिवशी पेपरच्या आतल्या पानात बारीक टायपात जाहीर सूचना आली. हे आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आहे, कुणाची हरकत असल्यास एक महिन्याच्या आत कळवावी. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात कलम ३७ आहे, त्यानुसार असा फेरबदल करायचा तर लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, सुनावणी घ्यावी लागते आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. हरकत कुणीही घेऊ शकतं. घर नावावर असायला हवं, असं काही नाही.

आमच्या भिशीत अकरा जणी. त्यातल्या नऊ जणींनी अर्ज दिले. सोपी गोष्ट नव्हती ती. आमच्याकडे अर्जावर सही करायची म्हणजे 'ह्यांची' असा रिवाज. पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने सरकारदरबारी काही लिहिलं. कार्यालयात छापील नमुना मिळाला. त्यात नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल नंबर, आणि सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. कुणीही विचारलं नाही, की हे सगळं कशाला? बँकेत देतो, गॅसवाल्याला देतो, तसं इथेही दिलं.

सुनावणीच्या आठ दिवस आधी कार्यालयाच्या फलकावर यादी लागली. हरकतदाराचं नाव, पत्ता, मोबाइल, हरकतीचा विषय. नवाच्या नऊ जणी ओळीने. त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. कुणी प्लॉट विकत होतं, कुणी कर्ज देत होतं. आणि मग वहिनींना तो फोन.

सुनावणीला आम्ही चार जणी गेलो. पाच जणींच्या घरून 'नको ती भानगड' झालं. नवऱ्यांना दोष द्यावा तर वहिनींचं दार आठवतं.

मी त्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना विचारलं, "यादीत आमचे नंबर का लावले?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हरकत जाहीर असते. मग हरकतदार लपवायचा कसा?"

घरी येताना मला वाटत राहिलं, की माणूस निम्मा बरोबर आहे. उद्या आरक्षण उठावं म्हणून कुणी आपल्याच नातेवाइकांची दोनशे पत्रं भरली, तर ती कोण माणसं हे आम्हालाही कळायला हवंच. नाव आणि म्हणणं उघड असणं यात सगळ्यांचंच संरक्षण आहे. मला अडचण नावाची नव्हती. मोबाइल आणि पत्ता कशासाठी घेतला? सुनावणीची तारीख कळवण्यासाठी. ते काम कार्यालयाचं, फलकाचं नाही. आणि आधारचा तर संबंधच काय!

भाच्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मावशी, तुम्ही नऊच जणी. २०१५ मध्ये दहा लाख लोकांचं असं झालं होतं." मग त्याने सांगितलं ते मी नंतर नीट वाचून काढलं. टेलिफोन-इंटरनेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारं ट्राय नावाचं सरकारी प्राधिकरण आहे. इंटरनेटवर कंपन्यांनी काही सेवांना झुकतं माप द्यावं का, यावर त्यांनी २७ मार्च २०१५ ला लोकांची मतं मागवली. देशभरातून दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. एखाद्या रूक्ष सरकारी प्रश्नावर एवढी माणसं बोलती झाली, ही केवढी गोष्ट! आणि २७ एप्रिलला ट्रायने ती सगळी पत्रं, पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट, आपल्या संकेतस्थळावर टाकून दिली. जाहिरातवाल्यांना आणि भामट्यांना आयती यादीच मिळाली. आरडाओरडा झाला, पण एकदा बाहेर गेलेला पत्ता परत कसा घेणार? दूध सांडल्यावर फडकं फिरवायचं, एवढंच. तरी एक सांगायला हवं. त्या पत्रांचा उपयोग झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे दर लावायला बंदी केली.

याच्या अगदी उलट टोकही आहे, आणि तेही मला पटलं नाही. आपली खासगी माहिती जपणारा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या नियमांचा मसुदा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला, तेव्हा सोबतच सांगितलं, की तुम्ही पाठवलेलं मत कुणालाही, कधीही दाखवलं जाणार नाही. एकीकडे हायसं वाटतं. पण मोठ्या कंपन्यांनी काय मागितलं आणि सरकारने कुणाचं ऐकलं, तेही मग झाकलेलंच राहणार ना? कायदा करण्याआधी लोकांना विचारावं, त्यासाठी निदान तीस दिवस द्यावेत आणि आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर ठेवावा, असं केंद्र सरकारचं २०१४ चं धोरणच आहे. सारांश ठेवायला कुणाचा मोबाइल नंबर लागत नाही.

त्या नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. पण आधारचं तसं नाही. आधार कायदा २०१६ चा आहे आणि त्याच्या कलम २९ मध्ये सरळ लिहिलंय, की नियमांत सांगितलेली कारणं सोडली तर कुणाचाही आधार क्रमांक जाहीर प्रसिद्ध करायचा नाही, लावायचा नाही. म्हणजे आमच्या झेरॉक्स फाइलमधून बाहेर पडल्या असत्या तर ती नुसती गैरसोय नव्हती. शिवाय पहिले आठ आकडे झाकलेलं आधार आपल्याला डाउनलोड करता येतं, फक्त शेवटचे चार दिसतात. हे मला पन्नाशीत कळलं. तुम्हाला माहीत असेल तर उत्तमच.

मी पुन्हा कार्यालयात गेले, ते अर्ज घेऊनच. त्यात दोनच गोष्टी विचारल्या. नमुन्यातली कोणती माहिती सक्तीची आहे आणि कोणत्या नियमाने? आणि यादीतून मोबाइल, घर क्रमांक काढणार का? अर्जाची पोच घेतली, तारखेचा शिक्का मारून. (पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, हे माझे वडील सांगायचे. ते स्वतः कारकून होते.) भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, "नमुना जुनाच आहे हो. पूर्वी मोबाइलचा रकाना नव्हता, कुणीतरी घातला." कुणी, का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. साहेबांकडे कागद गेला. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. पण तिसऱ्या दिवशी फलकावरच्या यादीत मोबाइलच्या रकान्यावर काळं स्केचपेन फिरवलेलं दिसलं. उन्हात उभं राहून तिरपं पाहिलं तर आकडे अजून वाचता येत होते. मी परत आत गेले. मग त्यांनी यादीच बदलली.

मैदानाचा प्रस्ताव आता सरकारकडे आहे. निकाल लागायचाय.

मध्यंतरी गावच्या पाण्याच्या नव्या योजनेवर सूचना मागवल्या आहेत. यावेळी आम्ही अर्ज दोन कागदांवर केला. पहिल्यावर नाव, गल्ली आणि म्हणणं. दुसऱ्यावर पत्ता आणि नंबर, वर मोठ्या अक्षरात 'फक्त कार्यालयाच्या वापरासाठी, प्रसिद्ध करू नये'. आधार जोडलंच नाही. कुणी मागितलंही नाही.

वहिनी अर्ज घेऊन बराच वेळ बसून होत्या. चहा गार झाला. मग पेन मागितलं. पहिल्या कागदावर सही केली, दुसरा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "ताई, इथे तुमचाच नंबर घाला. तारीख आली की मला हाक मारा. भिंतीपलीकडेच तर आहे मी."