इच्छा मोजायची कशी? फ्लिबॅन्सेरिनची गोष्ट

पेपर हातात आला की आपण थेट निष्कर्षाकडे पळतो. मीही पळायचे. ही सवय मोडली ती फ्लिबॅन्सेरिनवरचे पेपर वाचताना, म्हणून आज तेच सांगते.

आधी एक गोष्ट. कामेच्छा कमी असणं हा आपोआप आजार ठरत नाही. २०१३च्या डीएसएम-५ नुसार तक्रार साधारण सहा महिने टिकलेली हवी आणि त्या व्यक्तीला स्वतःला त्याचा त्रास व्हायला हवा. नवऱ्याची कुरकुर म्हणजे निदान नव्हे! नैराश्य, नात्यातला ताण, एसएसआरआय गटातली औषधं, हेही आधी तपासायचं.

फ्लिबॅन्सेरिन मुळात नैराश्यासाठी बनवलेलं औषध. तिथे जमलं नाही, मग पाळी सुरू असलेल्या स्त्रियांमधल्या कमी कामेच्छेवर त्याच्या चाचण्या झाल्या. आता खरी अडचण बघा. इच्छा ना रक्तात दिसते, ना मीटरवर. मग प्रायमरी आउटकम काय ठेवणार? अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत दोन ठेवले होते: महिन्यातले समाधानकारक लैंगिक प्रसंग, आणि रोज ई-डायरीत नोंदवलेली इच्छा. प्रसंग थोडे वाढले. डायरीतल्या इच्छेत मात्र प्लासिबोच्या तुलनेत लक्षणीय फरक आला नाही. म्हणजे औषध इच्छेचं, आणि इच्छाच जागची हलली नाही! २०१० मध्ये एफडीएने मंजुरी नाकारली.

पुढच्या चाचणीत डायरीच्या जागी एफएसएफआय प्रश्नावलीतले इच्छेचे दोन प्रश्न आले. गेल्या चार आठवड्यांचं आठवून उत्तर द्यायचं. इथे फरक लक्षणीय निघाला. ही चलाखी का? मला सरसकट तसं वाटत नाही. इच्छा ही रोजच्या रोज आकड्यात मांडण्यासारखी गोष्ट आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. पण आधीच्या चाचण्यांत ही प्रश्नावली दुय्यम माप म्हणून होती आणि तिच्यात फरक दिसलाही होता. हे माहीत असताना फूटपट्टी बदलली गेली.

२०१३ मध्ये पुन्हा नकार, २०१५ मध्ये मंजुरी, तीही दारूसोबत घेण्याबद्दलच्या कडक इशाऱ्यासह. २०१६ मध्ये आठ चाचण्यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस आलं. त्यातल्या तीन तर प्रसिद्धच झाल्या नव्हत्या. सुमारे ५,९०० स्त्रिया, पी-व्हॅल्यू उत्तम. आणि परिणाम? प्लासिबोपेक्षा महिन्याला साधारण अर्धा प्रसंग जास्त, म्हणजे दोन महिन्यांत एक. त्यासाठी गोळी रोज रात्री घ्यायची, आणि चक्कर, झोपाळूपणा वेगळा.